वर्षावासातील वाचन आणि रोहिणीचे पाणी

आषाढ पौर्णिमा आली की जिवतीच्या पहाडावरही वर्षावासाच्या ग्रंथवाचनाचे दिवस येतात. दिवसभर कपाशीत निंदण-डवरणी करून आलेली माणसे हातपाय धुऊन विहारात बसतात. त्रिशरण-पंचशील होते. मग एखादा शिकलेला मुलगा किंवा घरची सून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडते. आश्विन पौर्णिमेपर्यंत हे असे चालते आणि समारोपाला खीर होते.

या वाचनाचे आम्हाला मोल वाटते. पण एक प्रश्न मनात येतो. आपण हा ग्रंथ वाचतो, की त्याचे पारायण करतो? अर्थ कळो न कळो, पोथी कानावर पडली की पुण्य लागते, ही समजूत आपल्या आजा-पणजांनी १९५६ साली मागे टाकली. १४ ऑक्टोबरला नागपूर आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपूर! आपल्या जिल्ह्यात तर बाबासाहेब स्वतः दीक्षा द्यायला आले. तेव्हा नव्या वेष्टनात जुनीच पोथी घरात येत नाही ना, हे आपणच पाहिले पाहिजे.

हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच त्यांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये मूळ उपदेशातली आहेत काय? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म यांचा मेळ कसा बसतो? आणि भिक्खू कशासाठी, स्वतःच्या पूर्णत्वासाठी की समाजाच्या सेवेसाठी? या प्रश्नांचा विचार वाचकांनीही करावा, अशी त्यांची अपेक्षा होती. पण वाचन पहिल्या खंडापासून धरले की नेमके हे प्रास्ताविकच राहून जाते.

पहिलाच प्रश्न घ्या. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून राजपुत्राचे मन विटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. अश्वघोषाच्या 'बुद्धचरित' काव्यात ती आहे, आणि काव्य म्हणून ती सुंदरच आहे. पण एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर म्हातारा पाहिलाच नव्हता, हे बाबासाहेबांच्या बुद्धीला पटले नाही. त्यांनी रोहिणी नदीचे पाणी पुढे आणले. शाक्य आणि कोलिय यांच्या नोकरांत पाण्यावरून मारामारी झाली, शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव केला, सिद्धार्थाने विरोध केला आणि तो मतदानात हरला. युद्धात उतरण्यापेक्षा त्याने घर सोडणे पत्करले. धर्मानंद कोसंबी यांनाही ती जुनी कथा मान्य नव्हती. शाक्य-कोलियांच्या भांडणाकडे त्यांनीही लक्ष वेधले होते.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान आणि श्रद्धा यांतला फरक अशा एका प्रसंगातून कळतो. काव्याचा आनंद घ्यावा, इतिहास तपासावा, तत्त्व जगण्याला लावून पाहावे. एवढे करून जी उरते ती श्रद्धा डोळस असते.

जिवतीला तर रोहिणी परकी नाही. उन्हाळ्यात पहाडावर पाण्याचे हाल काय होतात, हे हंडा वाहणाऱ्या आयाबायांना विचारावे. इथे कोलाम आणि गोंड आधीपासूनचे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून कितीतरी कुटुंबे पोटासाठी आली. सीमेवरच्या काही गावांवर तर दोन राज्यांचा दावा वर्षानुवर्षे चालत आला. पाणी कुणाचे, जमीन कुणाची, आधीचा कोण आणि नंतरचा कोण, हे प्रश्न इथे पुस्तकातले नाहीत.

म्हणून आमची एक विनंती आहे. यंदा वाचनाची सुरुवात प्रास्ताविकापासून करा. रोज वाचन संपल्यावर दहा मिनिटे प्रश्नांना द्या. ज्यांना अक्षर येत नाही त्या आजीला आधी विचारा. जगण्याची परीक्षा तिने जास्त दिली आहे. आणि रोहिणीचा भाग आला की थोडे थांबा. दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावी, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी भांडण मिटवावे, असा तोडगा सिद्धार्थाने सुचविला होता. आपल्या गावात तो पाचवा माणूस होण्याची तयारी कुणाची आहे?

श्रावणात विहारात ऐकलेली रोहिणी वैशाखात हातपंपाच्या रांगेत आठवली, तर ते खरे वाचन झाले असे आम्ही म्हणू.