तार अडकली, तर ओढायची नाही!

"ही गुंतागुंत फार दुर्मीळ आहे," असे सांगून आम्ही डॉक्टर विषय संपवतो. दुर्मीळ आहे हे खरे, पण ती बहुतेक वेळा टाळता येते हेही तितकेच खरे.

पायाच्या शिरेतली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर जीव जाऊ शकतो. ज्यांना रक्त पातळ करणारी औषधे देता येत नाहीत, अशा काही रुग्णांच्या पोटातील मुख्य शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी धातूची जाळी बसवतात. हाच आयव्हीसी फिल्टर.

पुढे कधी याच रुग्णाला आयसीयूत मानेच्या शिरेतून सेंट्रल लाइन टाकावी लागते. आधी सुई, सुईतून गाइड वायर म्हणजे बारीक तार, आणि तारेवरून नळी. मानेपासून हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंतचे अंतर साधारण १८ सेंटीमीटर. तार मात्र बहुधा ६० सेंटीमीटर. ती गरजेपेक्षा जास्त आत सारली, की तिचे वाकडे टोक फिल्टरमध्ये अडकू शकते. जांघेतून लाइन टाकताना तर फिल्टर वाटेतच असतो.

अशा वेळी जोर लावून तार ओढणे धोक्याचे आहे. फिल्टर जागचा हलतो, हृदयाकडे सरकू शकतो, शीर फाटू शकते. हात थांबवावा, एक्स-रे काढावा आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टला बोलवावे. ते स्क्रीनवर पाहत तार अलगद सोडवतात.

"इमर्जन्सीत विचारायला वेळ कुठे असतो?" मान्य. म्हणूनच तार मोजून घालण्याची सवय प्रत्येक वेळी हवी. आणि म्हणूनच फिल्टरची नोंद रुग्णाच्या खिशात हवी. पेसमेकरचे कार्ड आपण देतो, मग फिल्टरचे का नाही? "रुग्ण घाबरेल" ही सबब मला पटत नाही. बेशुद्ध रुग्णाच्या वतीने ते कार्डच बोलणार असते.

शिवाय अनेक फिल्टर काढता येण्याजोगे असतात. गरज संपल्यावर ते काढण्याचा विचार करा, असे अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्येच डॉक्टरांना बजावले. तरीही कित्येक फिल्टर आत विसरले जातात.

तेव्हा फिल्टर बसवला असेल, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: कोणत्या प्रकारचा आहे, कधी बसवला आणि कधी काढायचा. उत्तरे डिस्चार्ज कार्डवर लिहून घ्या, मोबाइलमध्ये फोटो ठेवा आणि घरच्यांनाही सांगून ठेवा. हे विचारणे हा तुमचा हक्क आहे.