कर्णाचे कुळ आणि जीवकाची विद्या

टाकून दिलेल्या मुलाची प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात घट्ट बसली ती कर्णाच्या रूपाने. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ साली आली, रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ साली. कर्णाचे दुःख वाचून अनेकांचे डोळे भरून आले. त्या अश्रूंची मात्र चिकित्सा व्हायला हवी. कर्ण मूळचा क्षत्रिय असूनही सूतपुत्र म्हणून हिणवला गेला, म्हणून आपण हळहळतो. तो खरोखरच अधिरथ-राधेच्या पोटी जन्मला असता, तर ती हेटाळणी आपल्याला न्याय्य वाटली असती काय? कर्णाने राधेचे नाते शेवटपर्यंत सोडले नाही. वाचक मात्र कुंतीचे कुळच धरून बसला.

कुळाचा हा प्रश्न आपल्याच सोलापूर जिल्ह्यातील लेखणीने समाजावर उलटवला. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूरच्या शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ हे आत्मकथन १९८४ साली प्रसिद्ध झाले. बारा माशांचा तोळा. अकराच भरले तर वजन उणे. आई दलित, जन्मदाता सवर्ण पाटील, म्हणून मुलगा दोन्हीकडे उणा. लिंबाळे कोणतेही दडलेले थोर कुळ पुढे करत नाहीत. माणसाला असे तोलणारा तराजूच खोटा आहे, हे दाखवतात. आजी संतामायसोबत राहणाऱ्या मुस्लिम दस्तगीरांशी त्यांचे ना रक्ताचे नाते, ना धर्माचे. तरी मायेत उणेपणा नव्हता.

बौद्ध परंपरेत याचे उत्तर जुनेच आहे. विनयपिटकातील जीवक हे राजगृहात उकिरड्यावर टाकलेले मूल. राजपुत्र अभयाने त्याला वाढवले. आईबाप कोण, असे त्याने विचारले तेव्हा आई ठाऊक नाही, पिता मात्र मीच, असे अभयाने सांगितले. जीवक कुळाच्या शोधात भटकला नाही. तक्षशिलेस जाऊन वैद्यक शिकला आणि भगवान बुद्धांचा व भिक्खुसंघाचा वैद्य झाला.

महाराष्ट्र शासनाने २०१८ साली अनाथांसाठी एक टक्का समांतर आरक्षण दिले. शासन हक्काची जागा देऊ शकते; आपलेपणा माणसांनीच द्यायचा असतो. वैरागसारख्या गावातील निवासी शाळेची जबाबदारी येथूनच सुरू होते. पाहुण्यांपुढे, देणगीदारांपुढे कोणत्याही मुलाची ओळख ‘हा अनाथ’ अशी करून देऊ नये. त्याचे नाव, इयत्ता आणि त्याला काय चांगले येते, एवढेच सांगावे. ग्रंथालयात ‘मृत्युंजय’शेजारी ‘अक्करमाशी’ही असावे आणि कर्णाविषयीचा तो अवघड प्रश्न शिक्षकाने वर्गात निर्भयपणे विचारावा. मुले त्याचे उत्तर आपल्यापेक्षा अधिक प्रामाणिकपणे देतील.