गळ, रीळ आणि पंधरा किलो

मार्चच्या बैठकीत मी सांगितलं की एप्रिलच्या शिबिराला मी येणार नाही, मासे गरवायला हिमाचलात चालले आहे. क्षणभर कुणी काही बोललंच नाही. मग हशा पिकला. "विमानानं? आणि मासे आणायला?" "आमच्यासाठी एक डबा भरून आण गं!" माझी एक जुनी मैत्रीण मात्र हसली नाही. तिनं विचारलं, "हे आपल्याला परवडणारं आहे का?" तिला पैशाबद्दल बोलायचं नव्हतं. रेशनपासून मारहाणीपर्यंत इतकं सगळं समोर पडलेलं असताना कार्यकर्तीनं नदीत काठी धरून उभं राहावं का, असा तिचा प्रश्न होता. तो रास्त आहे. म्हणूनच हे लिहायला बसले. पण मला बॅगेपासून सुरुवात करावी लागेल.

माझ्या नवऱ्याला गळाचा नाद आहे. वर्षातून एकदा तो आणि त्याचे तीन मित्र कुठल्या तरी नदीवर जातात. आधी रेल्वेनं जायचे, आता विमानानं. त्याची बॅग अठरा वर्षं मी भरत आले. आमच्या घरात तो वादाचा विषय कधी झाला नाही, कारण कुणाच्या ते लक्षातच आलं नाही, माझ्याही नाही.

ही बॅग भरणं म्हणजे चार कपडे कोंबणं नव्हे. नऊ फुटांची काठी चार तुकड्यांत येते, प्रत्येक तुकडा साधारण सत्तर सेंटिमीटरचा. दुकानातली नळी महाग, म्हणून मी प्लंबरकडून जाड पीव्हीसी पाइप कापून आणला, दोन्ही टोकांना टोपणं बसवली आणि आत जुन्या चादरीचा बोळा घातला. तेव्हापासून त्याची एकही काठी मोडली नाही. रीळ काठीवरून सोडवायचं, त्याचा ताण सैल करायचा आणि लोकरी मोज्यात गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेवायचं, कडेला नाही. गळांची टोकं बुचात खुपसायची आणि ती बुचं पारदर्शक डबीत घालून सगळ्यात वर ठेवायची. विमानतळावर बॅग उघडायची वेळ आली तर उघडणाऱ्याचं बोट फाटू नये. तोही कामगारच असतो. शिशाची वजनं एका पिशवीत, तीही वरच. क्ष-किरणात शिसं काळं ढेकूळ दिसतं आणि मग बॅग उघडून बघण्यात वेळ जातो. सुरी, पक्कड, कात्री सगळं चेक-इनच्या बॅगेत. डोक्याला बांधायच्या दिव्याची लिथियमची सुटी बॅटरी आणि पॉवरबँक मात्र उलट, हातातल्या बॅगेत. गॅसच्या शेगडीची डबी कुठेच चालत नाही. पाण्यात घालायचे बूट कडक वाळवून मगच भरायचे. ओले बूट वजन तर वाढवतातच, पण एका नदीतला रोग आणि शेवाळही दुसऱ्या नदीत नेतात. न्यूझीलंडनं याच कारणासाठी २००८ साली नमद्याच्या तळाच्या बुटांवर बंदी घातली. आणि हे सगळं पंधरा किलोंत बसवायचं, कारण देशांतर्गत विमानात स्वस्त तिकिटावर तेवढंच नेऊ देतात.

हे मला कुणी शिकवलं नाही. एकदा मोडलं, एकदा अडलं, एकदा जादा वजनाचे पैसे भरले, असं करत हातात बसलं. आपल्या कितीतरी कामांचं असंच होतं. करणारीच्या हातात असतं तोवर त्याला 'सवय' म्हणतात.

गंमत पुढेच आहे. या वर्षी मी आणि गटातल्या दोघीजणींनी तीर्थन खोऱ्यात ट्राउटसाठी जायचं ठरवलं. ट्राउटचा हंगाम तिथे मार्चपासून ऑक्टोबर अखेरपर्यंत. थंडीचे चार महिने मासा अंडी घालतो म्हणून बंदी असते. चंदीगडपर्यंत विमान, पुढे मंडी, औट, बंजार असा दिवसभराचा रस्ता. हे घरी सांगितलं तेव्हा नवरा खरोखर खूश झाला. म्हणाला, "छान! बॅग मी भरून देतो, तुला ते जमणार नाही." अगदी प्रेमानं म्हणाला. आणि दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन विचारलं, "गळांची डबी कुठे असते गं?"

मला राग आला नाही, हसू आलं. पण नंतर रात्रभर एक गोष्ट टोचत राहिली. अठरा वर्षं ते सामान मी हाताळलं; कुठला गळ कुठल्या माशाचा, कुठल्या दोरीचं वय झालं, हे मला त्याच्याहून चांगलं माहीत. तरी ते सामान 'त्याचं', छंद 'त्याचा', आणि मी मदतनीस. वास्तविक मी पहिला मासा गरवला तेव्हा नऊ वर्षांची होते, मालवणजवळच्या आमच्या गावच्या खडपावर, आत्याच्या शेजारी. लाकडाच्या तुकड्याला गुंडाळलेली तंगूस, एक गरी आणि आमिषाला सुंगटाचा तुकडा. तांबोशी लागली होती. आजी ओरडली होती, "चेडवाच्या हातात गरी बरी दिसणा नाय!" आत्यानं लक्ष दिलं नाही, पण मी न्हाती झाल्यावर तीही गप्प झाली. काठी भावाकडे गेली. बांबूची काठी मोडली तर परत तोडता येते, पण ती धरायची मुभा गेली की चाळीस वर्षं जातात. माझी गेली.

असं नाही की बायकांना यातलं काही येत नाही. स्कॉटलंडच्या टे नदीवर ७ ऑक्टोबर १९२२ रोजी जॉर्जिना बॅलंटाइन या बाईनं ६४ पौंडांचा सामन गळाला लावून बाहेर काढला. म्हणजे २९ किलो. गळानं पकडलेल्या सामनचा ब्रिटनमधला तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. न्यूयॉर्कमध्ये बायकांनी १९३२ साली गळ टाकणाऱ्या बायकांचा स्वतःचा क्लब काढला. आणि सामान बनवण्यात तर बायका आधीपासूनच आहेत. ट्राउट किंवा सामनसाठी गळावर पिसं आणि रेशीम बांधून जी 'माशी' करतात, ती बांधण्यात विसाव्या शतकात मेगन बॉइड या स्कॉटिश बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. १९७१ साली तिला त्यासाठी राजसन्मान मिळाला. ती स्वतः मासेमारी करत नसे; जीव घेणं तिला आवडत नव्हतं म्हणतात. तिचा तो स्वतःचा निर्णय होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण सामान बायकांनी बांधायचं आणि नदीवर पुरुषांनी उभं राहायचं ही वाटणी बहुतेक ठिकाणी कुणी निर्णय घेऊन झालेली नाही. तिथे आम्हाला भाड्यानं मिळालेले पाण्यातले बूट बघा! सगळ्यात लहान जोड आठ नंबरचा. मी दोन-दोन मोजे घालून उभी राहिले.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलानं पाइपकडे बघून विचारलं, "मॅडम, सर कुठे आहेत?" मी म्हटलं, सर घरी भांडी घासताहेत. (खोटं बोलले. नंतर कळलं, जेवण बाहेरून मागवलं होतं.) पुढे पडद्याआड तपासणाऱ्या बाईनं माझ्या पर्समधली छोटी कात्री काढून घेतली. चूक माझीच. दुसऱ्याची बॅग भरताना अठरा वर्षांत कधी झाली नाही ती स्वतःची भरताना झाली, कारण रात्री दोन वाजेपर्यंत मी फ्रीजमध्ये पाच दिवसांची आमटी डब्यांत भरत होते. माझ्यासोबतच्या दोघींचीही तीच कथा. एकीनं तर डब्यांवर वार लिहून ठेवले होते. बॅग चौदा किलोंची भरली. डब्यांचं वजन कुणी केलं नाही. देशाच्या २०१९ च्या कालवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७, असं आढळलं. नवरा वर्षातून पाच दिवस नदीवर जातो तेव्हा तो कुणाच्या मिनिटांवर जातो, हे त्या आकड्यात आहे.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. ती म्हणते, हा पोट भरलेल्यांचा छंद आहे. आहेच. मी पकडलेला एकुलता एक ट्राउट वीतभर होता, आणि तो मी पाण्यात सोडून दिला. आत्यानं मला वेड्यात काढलं असतं. मासा पोटासाठी पकडणाऱ्या आणि विकणाऱ्या बाईसमोर मी हे सांगू धजणार नाही. शिवाय सामानाचीही जात असते. माझा पाइप विमानात गेला. काउंटरवरच्या मुलानं त्यावर 'नाजूक' अशी चिठ्ठीही लावली. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडूत कोळचल इथे मासे विकणाऱ्या एका वृद्ध बाईला वास येतो म्हणून सरकारी बसमधून उतरवलं होतं. तिचा व्हिडिओ पसरला, मुख्यमंत्र्यांनी निषेध केला, कर्मचारी निलंबित झाले. त्याच वर्षी केरळनं तिरुवनंतपुरममध्ये मासे विकणाऱ्या बायकांसाठी 'समुद्र' ही मोफत बस सुरू केली. म्हणजे करायचं म्हटलं तर करता येतं. आपल्याकडे पाटी घेतलेली कोळीण अजून डब्याच्या दाराशीच उभी असते. मासा तोच. छंदाचा असला की 'साहसी क्रीडा', पोटाचा असला की वास.

हे सगळं मान्य करूनही मी मैत्रिणीशी सहमत नाही. पाटीसाठी बस मागायची म्हणून मी काठी धरायची नाही, हा हिशेब मला पटत नाही. कामासाठी बाहेर पडणं बायकांनी भांडून मिळवलं. मोर्चासाठी, शिबिरासाठी बाहेर पडणं तर आपण स्वतः मिळवलं, घरच्यांच्या तोंडाला तोंड देऊन. पण त्या प्रत्येक वेळी आपल्याकडे कारण होतं. बिनकारण, बिनउपयोगाचं, आपल्याला आवडतं म्हणून पाच दिवस बाहेर राहणं आपण अजून मागितलेलंच नाही. शिबिराला न येण्याबद्दल मला बैठकीत तीन वेळा माफी मागावी लागली. सासूबाईंच्या आजारपणाचं सांगितलं असतं तर एकदाही लागली नसती. हे आपल्या गटात, बाहेर नव्हे.

तीर्थनच्या पाण्यात पहिले दोन दिवस आम्हा तिघींपैकी कुणालाच काही लागलं नाही. सकाळी सहाला पाणी बर्फासारखं असे, बोटं बधिर होत. आम्ही फार बोललो नाही. पन्नाशी उलटलेल्या तिघी, आणि तासन्‌तास कुणी "जरा इकडे ये" म्हणत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो वीतभर मासा.

ऑक्टोबरमध्ये नवरा पुन्हा जाणार आहे. परवा त्यानं विचारलं, बॅग कधी भरायची. मी त्याला वहीच्या दोन पानांवर सगळं लिहून दिलं, पाइपाच्या टोपणापासून मोज्यांपर्यंत. काल रात्री तो माळ्यावरून बॅग काढून जमिनीवर बसला होता. हाक मारून म्हणाला, "बुचं कुठे आहेत?"

"तिसऱ्या खणात," मी सांगितलं, आणि वाचत होते ते पुढे वाचू लागले.