चित्रातल्या पणतीनं घर उजळत नाही

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना मी बहुतेक वेळा डीएम असतो, आणि एक वाद माझ्या टेबलावर हमखास उपटतो. काळोखी गुहा, मशाली संपलेल्या. विझार्ड म्हणतो, "मायनर इल्यूजननं मशाल करतो." मी म्हणतो, "केलीस. गुहा अंधारीच आहे." मग दहावीचं फिजिक्स बाहेर येतं: मशाल दिसते म्हणजे तिचा प्रकाश डोळ्यांत जातो. मग भिंतीवर का पडत नाही?

2014च्या पाचव्या आवृत्तीत उत्तर स्पष्ट आहे. या कँट्रिपनं 5 फुटी घनात मावेल अशा वस्तूची प्रतिमा करता येते, पण त्या प्रतिमेतून प्रकाश, आवाज, वास काहीच निघत नाही. तरी "पुस्तकात लिहिलंय" एवढ्यावर मी थांबणार नाही. हा नियम बरोबरच आहे.

भास विझार्डच्या डोक्यातून येतो. त्याला ठाऊक आहे तेवढंच तो दाखवणार. प्रकाशाचं काम नेमकं उलटं: कुणालाच ठाऊक नसलेलं दाखवणं. खोट्या मशालीनं गुहा उजळली, तर कोपऱ्यात दबा धरून बसलेला गॉब्लिनही दिसेल. थापेतून खरी बातमी कशी मिळेल? खरा उजेड हवा तर 'लाइट' ही वेगळी कँट्रिप आहे. ती इल्यूजन नाही, इव्होकेशन आहे: 20 फूट लख्ख, पुढे 20 फूट अंधुक. एकाच भासात सगळं फुकट दिलं, तर जिनं विचार करून 'लाइट' निवडली, त्या खेळाडूवर हा अन्याय आहे.

आता डीएम मंडळी, हसू नका, तुमचीही पाळी आहे. हेच फिजिक्स तुम्ही उलटं वापरता. खेळाडू भासाच्या खोक्याआड लपते आणि तुम्ही म्हणता, "सावली नीट पडत नाही, पहारेकऱ्याला कळलं." असं नाही चालत. त्यानं खोक्याला हात लावावा, नाहीतर आपली अ‍ॅक्शन खर्चून तपासावं आणि इन्व्हेस्टिगेशनचा फासा टाकावा. तोवर तो फसलेलाच.

इल्यूजनिस्टकडे तलवार नसते, असते ती फक्त कल्पना. ती फुकटात मोडलीत, तर पुढच्या वेळी ती खेळाडू गप्प बसेल, आणि टेबलावर नुसती हाणामारी उरेल.

गॉब्लिननं दहावीची परीक्षा दिलेली नसते. त्याला फसू द्या.