धबधब्याचे आठ महिने

मराठीच्या प्राध्यापकाला निसर्ग फार स्वस्तात मिळतो. धामणकर नाक्यावरच्या तिसऱ्या मजल्यावर बसावे, खाली रिक्षांचे भोंगे आणि मागच्या गल्लीत यंत्रमागांची खटखट चालू असावी, आणि आपण मात्र मुलांना खळाळणारे निर्झर आणि हिरवे गालिचे शिकवीत राहावे! गेली अठरा वर्षे मी हा व्यवसाय बिनबोभाट करीत आलो आहे. एकाही विद्यार्थ्याने मला 'सर, तुम्ही शेवटचा धबधबा कधी पाहिलात?' असे विचारले नाही, हे माझे भाग्य.

गेल्या वर्षी आषाढात पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी निबंधाला विषय दिला, 'धबधब्याच्या सान्निध्यात'. साठेक निबंध आले. बहुतेकांत पांढरेशुभ्र तुषार होते, इंद्रधनुष्य होते आणि शेवटी मनाला मिळालेली शांती होती. एका मुलीचा निबंध मात्र वेगळा निघाला. ही मुलगी कसाऱ्याकडच्या एका पाड्यावरची, भिवंडीत मामाकडे राहून शिकणारी. तिने पाण्याचे वर्णन चार ओळींत उरकले होते आणि उरलेले दीड पान धबधबा आटल्यानंतर काय होते यावर खर्ची घातले होते. कातळाखालचा झरा, तिथली हंड्यांची रांग, वाटीवाटीने भरलेले पाणी. मी लाल शाईने 'विषयांतर' असा शेरा मारला आणि १० पैकी ४ गुण दिले.

ती निबंध घेऊन आली. म्हणाली, "सर, पाऊस संपल्यावरही धबधबा तिथंच असतो ना?"

मी हसलो. तिला विषयाच्या चौकटीचे महत्त्व सांगितले. ती "बरं सर" म्हणून गेली. प्रकरण मिटले, असे मला वाटले.

पौषात आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांनी एका रविवारी विहीगावला जायची टूम काढली. विहीगावचा धबधबा शहापूर तालुक्यात, कसाऱ्याहून खोडाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. 'अशोका' या २००१ सालच्या हिंदी चित्रपटाचे चित्रण तिथे झाले, तेव्हापासून लोक त्याला अशोका धबधबाच म्हणू लागले. सम्राटाला कलिंगात मिळाली नसेल एवढी गर्दी त्याच्या नावाने इथे आषाढ-श्रावणात जमते. दोर बांधून पाण्यातून खाली उतरणारी तरुण मंडळीही तिथे येतात.

आमच्या सौभाग्यवतींनी बेत ऐकला आणि डब्यात भाकरी बांधता बांधता विचारले, "अहो, लोक पावसाळ्यात धबधबा पाहतात. तुम्ही थंडीत जाऊन काय दगड पाहणार?"

भूगोलवाल्यांकडे याचे उत्तर तयार होते. "वहिनी, पावसाळ्यात तिथे माणसं दिसतात. धबधबा दिसतो तो थंडीत."

पहाटे नाक्यावरून रिक्षाने कल्याण, तिथून कसारा लोकल. कसारा हे या उपनगरी गाडीचे शेवटचे स्टेशन. पुढे थळ घाट चढून रेल्वे नाशिककडे जाते. स्टेशनाबाहेर जीप मिळाली. हवेत गारठा होता, भाताची खाचरे कापणी होऊन पिवळी पडली होती, आणि जागोजागी पेंढ्याच्या गंजी उभ्या होत्या. उतरणीच्या वाटेवर आम्ही दोघे आणि एक कुत्रे, एवढाच लवाजमा.

खाली पोहोचलो आणि सौभाग्यवतींचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. समोर दगडच होता. शंभराहून अधिक फूट उंचीचा काळा कातळ, आणि त्याच्या एका कडेने, म्हाताऱ्याच्या डोळ्यातून यावी तशी पाण्याची एक बारीक धार. खालच्या डोहात हिरवट पाणी स्वस्थ पडले होते.

भूगोलवाले मात्र खूष! काठीने कातळावरचे आडवे थर दाखवीत त्यांनी तास सुरू केला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्या थरांवर थर चढून सह्याद्री झाला. वरचा थर कठीण असला आणि खालचा ठिसूळ, की पाणी खालचा आधी पोखरते. वरचा अधांतरी राहतो आणि एक दिवस कोसळतो. अशा रीतीने धबधबा वर्षानुवर्षे मागे सरकत जातो.

"पण एवढा पाऊस पडतो, तो जातो कुठे?" मी विचारले.

"इथे वर्षाला शंभर इंचांच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत," ते म्हणाले. "हा दगड स्पंजासारखा नाही. पाणी भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यांत शिरेल तेवढंच राहतं. बाकीचं उतारावरून तडक नदीला. सांध्यात राहिलेलं पाणी पुढे झरा होऊन हळूहळू पाझरतं. इथल्या माणसाचे आठ महिने त्या झऱ्यावर."

झरा हा शब्द ऐकला आणि मला तो निबंध आठवला.

परतताना वाटेपासून थोडे आत, एका कातळाच्या पोटाशी तीन बायका बसलेल्या दिसल्या. खड्ड्यात वीतभर पाणी होते. एक म्हातारी वाटीने ते उचलून फडक्यावरून हंड्यात ओतीत होती. हंडा भरला की तिने हात आखडता घ्यावा आणि खड्डा पुन्हा भरण्याची वाट पाहावी, असे चालले होते. आम्ही टेकलो. तिळाचे लाडू पुढे केले.

"धबधबा बघाया आलात?" म्हातारीने विचारले. "उशीर केलात. पाणी गेलं."

"कुठं गेलं, आजी?" मी सहज विचारले.

ती तितक्याच सहज म्हणाली, "तुमच्याकडंच की."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. आपल्या घरी थांबलेला पाहुणा आता अमक्याकडे गेला आहे, असे सांगावे तसे तिने सांगितले. मग म्हणाली, "आता बरं हाय. शिमगा झाला की इथं रातच्याला नंबर लावावा लागतो."

जीपमध्ये मी गप्पच होतो. भूगोलवाल्यांनी हिशेब मांडला. मुंबईसाठी तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले; वैतरणेवरचे मोडकसागर १९५७ साली; भातसा त्यानंतरची; मध्य वैतरणा २०१४ साली. सगळी याच डोंगरांच्या पायथ्याशी. तिथून निघालेले माणूसभर उंचीचे नळ आमच्या भिवंडी तालुक्यातून मुंबईकडे जातात. मुंबईने पाणी पिऊ नये असे कोण म्हणेल? पण याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. धरण खोऱ्यात असते, पाडा टेकडीवर असतो. पाणी उताराने शंभर किलोमीटर जाते, पण चढाने पाड्यापर्यंत दोन किलोमीटर येत नाही. ते चढवावे लागते, डोक्यावरून.

घरी आलो. रात्री नळ आला. आमच्याकडे पाणी वेळेवर येत नाही म्हणून दर आठवड्याला तक्रार करणारा मी, त्या रात्री बादली भरून वाहू लागली तेव्हा धावत जाऊन तोटी बंद केली. सौभाग्यवतींनी चकित होऊन पाहिले, पण काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी त्या मुलीला थांबवले. आदल्या दिवशी कुठे गेलो होतो ते सांगितले. म्हणालो, "बाई, तो शेरा चुकला माझा. विषयांतर तू केलं नव्हतंस, बाकीच्यांनी केलं होतं. ते चार महिन्यांवर थांबले. मीही तिथंच थांबलो होतो. गुण मी आता सुधारून देतो."

तिने मान खाली घातली. मला वाटले, रडते की काय! पण ती हसत होती.

"गुण राहू देत सर," ती म्हणाली. "पण तुम्ही पौषात गेलात. अजून पाणी होतं तेव्हा. चैत्रात या. माझी आई असते तिथं."

चैत्रात माझे जाणे झाले नाही. परीक्षा होत्या, उत्तरपत्रिका होत्या. प्राध्यापकाला सबबींचा तुटवडा कधीच नसतो. ही कबुली दिल्याशिवाय हा लेख पुरा करणे मला बरे वाटेना. गुण मात्र मी तिचे न ऐकता वाढवले. आणि या आषाढात नव्या वर्गाला फळ्यावर विषय लिहून दिला, 'धबधब्याचे आठ महिने'. मुले बुचकळ्यात पडली. एकाने उठून विचारले, "सर, आठ की चार?"

"आठ," मी म्हणालो. "चारांवर पुष्कळ लिहून झालं आहे."

वाचकहो, हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा पाऊस सरलेला असेल आणि विहीगावची गर्दीही ओसरली असेल. फराळाचा डबा घेऊन थंडीत एकदा जरूर जा. वाट तीच आहे आणि कातळही तोच. पाणी दिसले नाही तर कुठे गेले म्हणून कोणाला विचारू नका. घरी येऊन नळ सोडा, म्हणजे कळेल.