जुनाट दुखणें आणि अफूविना उपाय

ज्या दुखण्यानें मनुष्य मरत नाहीं, त्याकडे घरांत सहसा कोणी लक्ष देत नाहीं. पाठदुखी त्यांपैकींच होय. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशांत उन्हाळ्यांत मोहफुलें वेंचावयाचीं, तेंदूपानें खुडावयाचीं आणि पावसाळ्यांत चिखलांत उभें राहून धानाची रोवणी करावयाची. हीं सारीं कामें कंबरेंत वांकूनच होतात, आणि त्यांचा मोठा भार स्त्रियांवर असतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं १९८६ सालीं गडचिरोलींत स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेनें तेथील खेड्यांतील पाठदुखीचा व सांधेदुखीचा अभ्यास केला आणि हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, असें आग्रहानें मांडलें.

यावर औषध कोणतें? अफूपासून निघणारें मॉर्फिन कर्करोगाच्या असह्य वेदनांत वरदानच ठरतें. परंतु वर्षानुवर्षें टिकणाऱ्या दुखण्यांत तशा औषधांची मात्रा वाढत जाते व संवय जडण्याचें भय असतें. नेहमींच्या वेदनाशामक गोळ्याही दीर्घकाळ घेतल्यास जठरास व मूत्रपिंडांस अपाय करूं शकतात. म्हणून शास्त्रज्ञ निराळा मार्ग शोधीत आहेत. मज्जातंतूंतील सोडियमच्या सूक्ष्म द्वारांमुळें वेदनेचा निरोप मेंदूकडे जातो. त्यांतील एक द्वार मुख्यत्वें वेदनावाहक तंतूंतच आढळतें. तें रोखणारें सुझेट्रिजिन हें औषध अमेरिकेंत जानेवारी २०२५ मध्यें संमत झालें. मात्र ही संमति अल्पकालीन तीव्र वेदनेपुरतीच होती, जुनाट दुखण्यासाठीं नव्हे.

आपल्या स्वयंपाकघरांतील मिरचीही या कामीं आली आहे. तिच्यांतील कॅप्सेसिन प्रथम आग करतें, मग तेथील वेदनातंतू कांहीं काळ मंदावतात. त्याचें मलम वैद्यकांत रूढ आहे. घरची मिरची वाटून लावणें मात्र धोक्याचें. कॅप्सेसिन तंतूंवर कसें कार्य करतें, हें शोधणारे डेव्हिड ज्यूलियस २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी झाले.

नवें औषध येईल तेव्हां येवो. साध्या पाठदुखींत फार दिवस निजून न राहतां झेपेल तितकें चालणें व डॉक्टरांनीं सांगितलेला व्यायाम करणें, हा आजही मुख्य उपचार आहे. पायांतील शक्ति कमी होऊं लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र तत्काळ रुग्णालय गांठावें. व्यायामाला वेळ मिळावयाचा तर वांकून करावयाचीं कामें घरांतील सर्वांनीं वांटून घेतलीं पाहिजेत. धानाच्या बांधीवर असो कीं आपल्या माजघरांत, ‘तिची कंबर नेहमींचीच’ असें म्हणून आपण जें दुखणें सोडून देतों, त्याची या महिन्यांत एकदां तरी आस्थेनें चौकशी व्हावी, एवढीच वाचकांस विनंति.