कडुनिंब तोडून हुमणी जात नाही

मा. संपादक,

परसातल्या हुमणीवर आपल्या अंकात छापलेला सल्ला चिकलठाण्यात कुणी जसाच्या तसा पाळू नये.

पहिला मुद्दा कडुनिंब तोडण्याचा. हुमणीचे भुंगेरे झाडावर रात्री पाला खायला आणि मिलनासाठी येतात. पहाटे जमिनीत शिरतात, अंडीही तिथेच घालतात. कडुनिंब गेला तर ते शेजारच्या बाभळीवर बसतील. उलट तेच झाड त्यांना एकत्र गाठायची जागा आहे. वळवाच्या पहिल्या दमदार पावसानंतर दिवेलागण झाली की फांद्या बांबूने हलवाव्यात, खाली पडलेले भुंगेरे रॉकेलमिश्रित पाण्यात टाकावेत. हुमणीची वर्षाला एकच पिढी. हे दिवस हुकले की वर्ष हुकले.

दुसरा मुद्दा फोरेट या कीटकनाशकाचा. लेखक त्याला नेहमीचे औषध म्हणतात. देशात त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. परसात कोंबड्या असतात, लेकरे मातीत खेळतात. फोरेटऐवजी चांगल्या कुजलेल्या शेणखतातून मेटारायझियम बुरशी द्यावी.

तिसरा, 'अळ्या दिसल्यावर बघू' हा. रोप पिवळे पडून अलगद उपटून येते, तोवर मुळे कुरतडून झालेली असतात.

फोरेटबाबतची दुरुस्ती पुढच्याच अंकात ठळक छापावी.

– एक शेतकरी वाचक, चिकलठाणा